हलणारं सॅम्पल चालत नाही

पांगाऱ्याचं लाकूड पाण्यात बुडत नाही. चुलीत घातलं तर नुसता धूर करतं.

*

सुरमईचं शेपूट कुणी खात नाही. बदलापूरच्या बाजारात कोळीण ते एका घावात तोडते आणि पाटाखालच्या घमेल्यात टाकते. मागितलं तर फुकट देते. वर विचारते, "मांजर पाळलीस का गं?"

*

कॅम्प चारमधल्या एका गाळ्याच्या शटरवर, लाल रंगात: सॅम्पल लाओ, सेम टू सेम ले जाओ.

*

फोनमध्ये एक कासव. कुठल्यातरी लांबच्या देशातलं. त्याचे पुढचे दोन्ही पाय शार्कने नेलेत, माणसांनी त्याला रबराचे बसवलेत. कासव टाकीत सोडतात. भोवतीची माणसं टाळ्या वाजवतात. कासवाला टाळ्यांचं काही नाही. मग व्हिडिओ पहिल्यापासून सुरू होतो आणि कासव परत टाकीबाहेर असतं.

*

"कापलेल्या पायाचा काय करता?"

"जाळतात, काका," वॉर्डबॉय म्हणाला.

"जालू नको. पान्यान सोर."

"असा नाही सोडता येत."

"माजाच हाय ना त्यो?"

*

बुडालेलं माणूस घेऊन जो काठाला येतो, त्याला बदलापूर गावात कुणी 'ये' म्हणत नाही. तोही जाताना 'येतो' म्हणत नाही. पाणी ऐकत असतं. त्याला ते आपल्यालाच बोलावणं वाटतं.

*

जलपर्णी फुलली की लोक पुलावर गाड्या थांबवून फोटो काढतात. जांभळा रंग छान येतो.

*

मधु.

बदलापूर गावातला आगरी, पन्नाशी ओलांडलेला. नदी त्याच्या ओट्यावरून दिसते. डोहात कुणी बुडालं की पोलिसांची गाडी आधी मधूच्या दारात यायची, मग डोहावर जायची. तो खाली जायचा, अंधारात हाताने चाचपायचा, माणूस घेऊन वर यायचा. कुणी दिलाच तर नारळ घ्यायचा, तोही तिथेच फोडून पाण्यात सोडायचा. घरी आणायचा नाही.

एका वर्षी विसर्जनानंतर गणपतीच्या मूर्तीतली लोखंडी सळी त्याच्या उजव्या तळव्यात गेली. मधूला साखर होती, तळव्याला कळणं राहिलं नव्हतं. सळीचा तुकडा पायात घेऊन तो कितीतरी दिवस हिंडला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

एका संस्थेच्या शिबिरात फायबरचा पाय मिळाला. देणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, हा भिजवायचा नाही हं."

"मंग कशाला दिला?" मधु म्हणाला.

त्यानंतर तो ओट्यावर बसला. बसला म्हणजे बसलाच. पोलिसांची गाडी यायची बंद झाली. आता फायर ब्रिगेडवाले बोट आणतात.

एवढं सगळं आधीचं. आता डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता.

अंबरनाथच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भराभर बोलायच्या. "आज अंगठा दिलात तर पाय वाचेल. थांबलात तर काळं वर चढेल, मग मलाही वर जावं लागेल."

"एक पाय दिलाय ना तुमाला," मधु म्हणाला. "प्वाट नाय भरला?"

बाई हसल्या नाहीत. मधूच्या मुलीकडे, स्वप्नालीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही समजवा यांना."

समजावणं रिक्षात सुरू झालं आणि घरी ओट्यावर संपलं. मधूने सौदा सांगितला. "मना एक डाव पान्यान जाऊ दे. डोह पार कराचा आन परत याचा. मंग अंगठा काप, पाय काप, मुंडका काप. मी नाय बोलनार नाय."

"कुबड्या घेऊन पोवनार काय रं?" विठा आतून म्हणाली. विठा त्याची बायको.

"तुजी पोर रबराची बोटा बनवते ना? मना शेपूट बनव म्हनावं."

विठा बाहेर आली, हातात भाकरीचं पीठ. "बग बाय स्वप्नाली. बापसाला मासा व्हाचा हाय."

स्वप्नाली हसली. पाय गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत बापाने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

सॅम्पल एक
*काळं: अंगठा*

कॅम्प चारमधल्या लच्छूशेठच्या गाळ्यात सिलिकॉनच्या वस्तू होतात. केकचे साचे, टाचेच्या गाद्या, मोबाइलची कव्हरं. आणि बोटं. अंबरनाथच्या कारखान्यांत प्रेस मशिनखाली ज्यांची बोटं गेली ते शेठकडे येतात, दुसऱ्या हाताचं तेच बोट साच्यात बुडवतात, आणि आठवड्याने रबराचं बोट घेऊन जातात. नखासकट. लग्नाकार्यात घालतात. स्वप्नालीचं काम साच्यातून निघालेल्या मालाच्या कडेचा पापुद्रा कापून काढायचं.

या गाळ्याची एक गोष्ट शेठ सगळ्या नव्या माणसांना सांगतो. त्याच्या बापाने धंदा कंगव्यांपासून सुरू केला. बाहेरच्या देशातला एक कंगवा मिळाला होता, त्याचा साचा केला. मूळ कंगव्याचा एक दात तुटलेला होता. मग सगळ्या मालाला एक दात कमी.

"तो क्या हुआ?" शेठ विचारतो, आणि स्वतःच सांगतो, "सगळा विकला गेला, साईं! लोग समझे, फॅशन है."

स्वप्नालीने शेपटाचं सांगितलं तेव्हा शेठने चष्मा कपाळावर सरकवला. तो माणूस वाईट नव्हता. "बाबा के लिए? बना, बेटा. माल माझा, साचा माझा. पण दिमाग नको चालवू. दिमाग चलाया तो माल बिघडला. सॅम्पल ला."

"कसलं सॅम्पल?"

"मछली का शेपूट पाहिजे ना? तो मछली ला."

शेजारच्या टेबलावर मैत्रेयी बसते, बेलवलीची. तिने फोनमध्ये शोधलं, समुद्रात सगळ्यात जोरात पळणारा मासा कोणता. जो आला तो बदलापूरच्या बाजारात मिळत नव्हता. बाजारात सुरमई होती.

दीड वीत रुंद शेपूट मिळालं. मैत्रेयीने ते आधी वेणीच्या टोकाला धरून बघितलं. "कसं दिसतंय?"

"वास येतोय."

"तो कालपासूनच येतोय. शेठचा डबा आहे."

शेपूट प्लास्टरमध्ये दाबलं. साचा दोन भागांत उघडला. आत सुरमईची शीर न् शीर उमटली होती. सिलिकॉन ओतलं, वाळवलं, कड कापली. चंदेरी रंगही दिला, तो कुणी मागितला नव्हता. मग शिबिरात मिळालेला फायबरचा पाय घेऊन स्वप्नालीने करवतीने त्याचं पाऊल कापून टाकलं आणि त्या जागी बोल्टने शेपूट बसवलं.

विठा बघत होती. "फुकटचा पाय गेला," ती म्हणाली.

गावाची शेतं होती तिथे आता फार्महाउस आहेत. मधूचा चुलतभाऊ अशाच एका फार्महाउसवर वॉचमन आहे. जमीन पूर्वी त्याच्याच बापाची. सोमवारी तिथे कुणी येत नाही. सोमवारी मधूला तिथल्या निळ्या हौदात उतरवलं.

शेपूट खरंच सुंदर दिसत होतं.

मधूने हात मारले आणि उजवी मांडी हलवली. तो डावीकडे वळला. परत हलवली. परत डावीकडे. सरळ जाण्यासाठी त्याने जितका जोर केला तितका तो डावीकडे गेला. हौदात एक पूर्ण गोल घेऊन तो जिथून निघाला होता तिथेच येऊन काठाला धडकला.

"रिक्षा घे तुझी!" चुलतभाऊ ओरडला. "यू टर्न बरा मारतंस!"

मधु काठ धरून राहिला. मग त्याने एक हात पाण्याखाली घातला आणि शेपूट चाचपलं. डोळे मिटून, डोहात चाचपायचा तसं.

"यो मेलाय," तो म्हणाला.

"कोण?" स्वप्नाली घाबरली.

"शेपूट. मेलेला हाय यो. बरफातला." त्याने परत दाबून बघितलं. "मेल्याचा पाय असाच लागतो हाताला. खालून वर आनताना तुमी काय पन करा, त्यो वाकत नाय. जसा मेला तसा राहतो."

दुसऱ्या दिवशी ती कामावर जाताना बाजारात थांबली. थर्माकोलच्या पेट्या होत्या. सुरमया पेटीपेक्षा लांब असतात, म्हणून वाकवून बसवतात. सगळ्यांची शेपटं डावीकडे वळून बर्फात घट्ट झाली होती.

तिने अगदी सेम टू सेम केलं होतं.

सॅम्पल दोन
*काळं: चवडा*

हॉस्पिटलातून फोन.
उचलला नाही.
हॉस्पिटलातून फोन.
"हो मॅडम. हो. या आठवड्यात आणते. हो, कळतंय मला."

मधूने पायावर टॉवेल टाकायला सुरुवात केली होती. विचारलं की म्हणायचा, माश्या बसतात.

"अंगठा देऊन ये ना बाबा," स्वप्नालीने विनवलं. "शेपूट काय, मागून करते मी."

"जखम भरली नाय तर मना पान्यान सोरशील?"

तिने सरकलेला टॉवेल परत पायावर ओढला.

"सांग ना. सोरशील?"

साखरेची जखम भरत नाही हे ओट्यावरच्या तिघांनाही माहीत होतं.

जिवंत सॅम्पल हवं, एवढंच तिला कळलं. मरळ हा मासा बाजारात टबात जिवंत ठेवतात. पाण्याबाहेर काढला तरी बराच वेळ जगतो. तिने मोठी मरळ घेतली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि गाळ्यावर आणली. पिशवी स्कूटीच्या पायाशी धडपडत होती.

"तू हिला प्लास्टरमध्ये घालणार?" मैत्रेयीने विचारलं. "जिती?"

"फक्त शेपूट."

"रविवारी मी विहारात बसून काय म्हणते माहीत आहे ना? पहिलंच शील काय आहे?"

"रविवारी तूच तर मटण खातेस."

"खाते. मारत नाही." पण मैत्रेयीनेच गोणपाट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. "कर. काकांसाठी आहे म्हणून. बघणार नाही मी."

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. हे स्वप्नालीला माहीत होतं. ती रोज ते करते. हे मरळीला जाणवेल असं तिच्या मनात आलं नव्हतं. बोटांचे साचे देणारे लोक "गरम लागतंय" म्हणतात आणि हसतात.

मैत्रेयीच्या हातातलं गोणपाट उडालं. मासा थांबला नाही. मग थांबला.

साचा उघडला. आत एक शेपूट नव्हतं. तीन-चार शेपटं एकात एक घुसली होती, मधे प्लास्टर फाटलं होतं, भिंतीवर खवल्यांचे ओरखडे. तिने तरी त्यात सिलिकॉन ओतलं. जे निघालं ते जळलेल्या झाडूसारखं दिसत होतं.

शेठने ते उचलून उजेडात धरलं. बराच वेळ फिरवून बघितलं. आवाज बारीक करून म्हणाला, "हे बघ बेटा. हिलने वाला सॅम्पल नाही चालत. पन्नास साल में मैंने एक चीज सिखी. जी गप्प पडते, तिचीच कॉपी निघते."

"मग जिवंताची कशी काढायची?"

"नही निकालते."

त्या संध्याकाळी विठाने मरळीचं कालवण केलं. मधूने खाल्लं नाही. दोन्ही बाजूंनी काटे बघत बसला.

सॅम्पल तीन
*काळं: घोटा*

सॅम्पल नव्हतं.

तिने दुसरी मरळ आणली आणि घराच्या मागे निळ्या ड्रममध्ये सोडली. कामावरून आली की ड्रमपाशी बसायची आणि पाण्यात हात घालायची. मासा आधी लांब पळायचा. ड्रममध्ये लांब किती पळणार? मग तो हाताला घासून जायला लागला. शेपटाचं मूळ हट्टी होतं. मधला भाग अर्धा ऐकायचा. टोक सगळं ऐकायचं. मूळ एकीकडे निघालेलं असताना टोक अजून आधीच्याच बाजूला असायचं, मागाहून यायचं, उशिरा आलेल्या पोरासारखं.

ती ओट्यावर जाऊन बापाची डावी पोटरी धरायची. "मार लाथ."

"कोनाला?"

"हवेला. पोहतोस तशी."

मधु हवेत लाथ मारायचा. पोटरी हट्टी. गुडघा अर्धा ऐकणारा. पाऊल मागाहून यायचं, काळं, कशाचंच भान नसलेलं. टॉवेल बाजूला पडायचा तेव्हा दोघं दुसरीकडे बघायची.

गाळ्यावर तिने तीन तऱ्हांचं सिलिकॉन घेतलं, टणक, मधलं, मऊ. साच्याशिवाय, हाताने, पत्र्यावर थर घालत गेली. मुळाशी जाड, टोकाला इतकं पातळ की पलीकडचा उजेड दिसेल. सुरमईसारखं ते दिसत नव्हतं. मरळीसारखंही नाही. कशासारखंच दिसत नव्हतं.

"ये क्या है?" शेठने विचारलं.

"माहीत नाही."

"किसका कॉपी?"

"कुणाची नाही."

शेठने जीभ चावली. गाळ्यात असं आधी घडलं नव्हतं.

पहिलं फाटलं. दुसऱ्याचे थर सुटले. तिसरं वाळायला वेळ लागला. मधे हवा दमट झाली, त्यात आणखी वेळ गेला. हॉस्पिटलातून फोन यायचे बंद झाले होते. ड्रममधली मरळ एक दिवस उलटी तरंगत होती.

डोह
*काळं: मोजलं नाही*

सकाळ.

मैत्रेयी आणि स्वप्नाली बांबूने जलपर्णी ढकलतात
एक गल्ली होते
गल्ली मागून बुजते
परत ढकलतात

विठा काठावर, हातात नारळ

मधूच्या डाव्या पायाला प्लास्टिकची पिशवी, वरून रबर, त्यावर चिकटपट्टी
उजव्याला ते कशासारखंच नसलेलं

कुबड्या दगडावर ठेवतो, चपला ठेवायचा तशा, उलट्या
'येतो' म्हणत नाही

आणि मग तो पाण्यात असतो आणि मांडीच्या पहिल्या हलण्याबरोबर पुढे जातो, सरळ, डावीकडे नाही, मूळ हलतं आणि मागाहून टोक येतं आणि पाणी मागे सरतं, दुसऱ्यांदा हलतो तेव्हा खांदे वर येतात, मैत्रेयी बांबू टाकून शिट्टी मारते, तो मान फिरवून बघतो, तोंडात पाणी, हसतोय की काय, मग खाली जातो आणि वर येत नाही आणि येत नाही आणि विठाच्या हातातला नारळ वाजतो आणि तो पार तिकडच्या काठाला वर येतो, हातात चिखलाचा गोळा, तळाचा, वर धरून दाखवतो, पोरं दाखवतात तसा, पलीकडच्या काठाला लागतो, थांबत नाही, वळतो, परत येतो, जलपर्णीची गल्ली अर्धी बुजलेली आहे, तो तिच्या मुळांखालून येतो, येतोय, जवळ आलाय

"ये बाबा, ये! ये!"

स्वप्नाली ओरडली ते आनंदाने. तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं. विठाने कपाळावर हात मारला, तोवर शब्द पाण्यावरून पलीकडे पोचले होते.

मधु काठाला लागला. धापा टाकत म्हणाला, "बरा झालाय गं."

"काय?"

"जिता झालाय."

पायावरच्या पिशवीत पाणी भरलं होतं. आत पाऊल तरंगत होतं. ते पाणी नदीचं होतं. नदीत काय काय येतं ते या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. वास येतो तेव्हा खिडक्या लावतात.

विठाने नारळ फोडला. एक अर्धुक पाण्यात सोडलं. दुसरं कुठे टाकावं हे न कळल्यासारखी हातात घेऊन उभी राहिली.

मधूने सौदा पाळला. त्याच दुपारी हॉस्पिटलात जायला निघाला. रिक्षात बसताना विठाला म्हणाला, "येतो."

मांडी

डॉक्टरीणबाई आता भराभर बोलत नव्हत्या.

"अंगठ्याचं काम होतं हो," त्या म्हणाल्या. "अंगठ्याचं."

ताप चढला होता. काळ्याच्या वर लाल रेषा गुडघ्याच्या दिशेने गेल्या होत्या. पाय मांडीतून कापला. विष तेवढ्यावर थांबलं नाही. उजव्या पायाचा जो तुकडा रबराच्या शेपटाला धरून डोह पार करून आला होता, त्याच्यावर फायबरच्या खोबणीत घासून फोड आला होता. फोडाचं त्याला कळलं नव्हतं. तीही बाजू मांडीपर्यंत गेली.

बाई म्हणाल्या, नदीचं पाणी. विठा म्हणाली, पोरीने 'ये' म्हटलं. स्वप्नालीने दोघींचं ऐकलं आणि दोघींना मान डोलावली. सुरमई, मरळ, फाटलेलं पहिलं, थर सुटलेलं दुसरं, दमट हवा, यात किती दिवस गेले हे तिने कुणाला सांगितलं नाही.

शुद्धीवर आल्यावर मधूने चादरीवरून हात फिरवला. जिथे चादर सपाट झाली तिथे हात थांबला. वॉर्डबॉयला काही विचारलं नाही.

स्वप्नाली म्हणाली, "बाबा, मांडीला पण बसवता येतं. मी बघितलंय फोनमध्ये. सीलसारखं, दोन्ही बाजूंना. मी करते."

"सॅम्पल कंचा आननार?"

तिने चादरीची सपाट कड गादीखाली खोचली.

"ऱ्हाऊ दे," मधु म्हणाला. "मरळ नको मारू आता."

माल

ते कशासारखंच नसलेलं शेपूट मधे काही दिवस गाळ्यातल्या टेबलावर पडून होतं. बोल्टची जागा दुरुस्त करायची म्हणून तिने ते डोहावरूनच मैत्रेयीबरोबर पाठवलं होतं. मग हॉस्पिटल सुरू झालं आणि ते तिथेच राहिलं. शेठ येता-जाता त्याला बोट लावायचा. टोक उशिराने हलायचं. शेठ परत लावायचा.

रजेवरून ती आली तेव्हा साचा तयार होता.

"तुझा माल आहे," शेठ म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. "अब सॅम्पल बन गया ना! पडून होतं, गप्प. मी काढली कॉपी. फार्महाउसवाल्यांकडून ऑर्डर आहे, स्विमिंग पूल के लिए, बच्चे लोग. दोन पाय एकत्र घालायचे, जलपरी. बघ."

गुलाबी. निळं. चमकी टाकलेलं. टणक, मधलं, मऊ असे थर घालायला वेळ लागतो, म्हणून सगळं एकाच सिलिकॉनचं.

स्वप्नालीने एक हातात घेऊन वाकवलं. ते वाकलं नाही.

"चांगलं आहे, शेठ," ती म्हणाली.

"पहला पीस तुझ्या बाबाला. गिफ्ट." मग त्याला आठवलं आणि त्याने पीस परत खोक्यात ठेवला. "सॉरी, बेटा. सॉरी."

ती जागेवर बसली आणि ब्लेड घेतलं. गुलाबीचा पापुद्रा काढायला लागली. मैत्रेयी शेजारी निळ्याचा काढत होती.

"काका कसे आहेत?"

"ओट्यावर."

"आणि ते? आपलं?"

"घरी नेलं मी. गरमी फार आहे ना, लाइट जातात. वारा घालायला घेतात."

"चांगला लागतो वारा?"

"टोक मागून येतं," स्वप्नाली म्हणाली. "दोनदा लागतो."

मैत्रेयीने तोंड फिरवलं. हसली असावी.

सोमवारी कुणी येत नाही ते फार्महाउस आता सोमवारीही भरलेलं असतं. चुलतभाऊ सांगतो, मुलं शेपटं घालून हौदात उतरतात, पुढे जात नाहीत, आया काठावरून व्हिडिओ काढतात. एकदा तो हे सांगत असताना मधु डोळे मिटून वारा घेत होता. "डावीकरं वलतात काय?" त्याने विचारलं. चुलतभाऊ म्हणाला, "नाय, जागच्या जागी." मधूने मान हलवली आणि वारा घ्यायचा हात बदलला.

मधु पोहायला शिकला तेव्हा त्याच्या आईने, सगुणाबाईने, त्याच्या पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधला होता आणि तो त्याने डोहाच्या मध्यावर सोडून टाकला होता.